आण्णांच्या पॉलिसीत माझं नाव नव्हतं

मिरजेच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी आण्णांच्या पायाची पट्टी सोडली आणि मला बाहेर बोलावलं. "गॅस गँगरीन झालंय," म्हणाले. म्हणजे जखमेत माती जाऊन मांस आतून सडतं आणि सड वर चढत जाते. "आजच मांडीतून पाय काढला तर वाचतील. सही करा." बापाचा पाय कापायला मी सही केली. गाडीही मीच चालवत होतो.

आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सांगलीत हळदीचा व्यापार. लढाई संपल्यावर त्यांनी जुनी मोटार घेतली. मी ब्रह्मदेशात लष्कराचे ट्रक हाकून आलेला, त्यामुळं चालवायचो बहुतेक मीच आणि मिरवायचोही. विट्याच्या वाटेवर माणदेशाकडची मेंढरं आडवी आली. त्यांना वाचवायला गाडी वळवली ती बाभळीवर गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. शेजारी बसलेल्या आण्णांच्या पिंढरीचं हाड बाहेर आलं होतं.

पाय काढल्यावरही आठ दिवस ताप हटेना. पेनिसिलीन, म्हणजे जंतू मारणारं नवं औषध, दर तीन तासांनी टोचायचे. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायचो. इंजिन बिघडलं तर खोलून तरी बघता येतं. इथं माझ्या हातात काहीच नव्हतं.

ताप उतरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुण्याला नकली पाय बसवून मिळतो, पण खर्च मोठा आहे. हळदीचा भाव पडलेला, सगळी भिस्त विम्यावर. घरी जाऊन पॉलिसी वाचली. गाडी आण्णा चालवत असतील, नाहीतर नाव नोंदवलेला माणूस, तरच भरपाई. नोंद कुणाचीच नव्हती.

तुम्ही म्हणाल, नाव का नाही घातलं? अहो, आमच्याकडं बाप जिवंत असताना त्याच्या कागदावर माझं नाव घाला म्हणणं म्हणजे वाटणी मागणं. एजंटानं कागद भरला तेव्हा मी तिथंच उभा होतो. गप्प बसलो, आणि त्याला मर्यादा समजलो.

विमा कंपनीचे साहेब दवाखान्यात येणार त्या सकाळी मी आण्णांच्या खाटेशी हात जोडले. "आण्णा, तुमीच चालवत होता म्हणा. एवढंच म्हणा."

"पाय गेला रं," आण्णा म्हणाले. "आता जीभ बी देऊ व्हय?"

साहेबांना त्यांनी सरळ सांगितलं, पोरगा चालवत होता. साहेबांनी लिहून घेतलं, वाईट वाटतं म्हणाले आणि उठले. मला आण्णांचा लय राग आला. थोडा अजूनही आहे.

भरपाई मिळाली नाही, नकली पाय राहिला, आण्णा कुबड्या घेऊनच घरी आले. तुमच्या घरी बापाची गाडी पोरं चालवत असतील तर नाव आधी घाला. जीभ रेटली नाही तर दुसऱ्याकडून बोलवून घ्या, पण घाला.

वर्षभरानं गाडी दुरुस्त झाली. मी तिला हात लावणार नव्हतो. एजंट नवा कागद घेऊन आला तेव्हा आण्णांनी माझं नाव सांगितलं.

"आवं आण्णा, नको. माझा हात थरथरतोय."

"थरथरू दे." मग एजंटाकडं वळून म्हणाले, "गाडी ह्योच चालवनार. मी शेजारी बसनार. लिवा."

एजंट लिहीत होता आणि मी दारात उभा राहून रडत होतो.