नऊ नंबरची मक्खी

आमच्या घरात मक्खी म्हटलं की कुणी हात झटकत नाही. नेमबाजीच्या जुन्या बंदुकीच्या नळीवर, अगदी टोकाला, बारीक दाणा असतो, त्याला मक्खी म्हणतात. मागे डोळा लावायला भोकाची चकती. दोन्ही एका रेषेत आले की नेम. बंदूक आमच्याकडे कधीच नव्हती. माझ्या नवऱ्याने पुसेगावात घड्याळं दुरुस्त करता करता भंगारातून हे दाणे आणि चकत्या तेवढ्या जमवल्या. कशासाठी, ते विचारणं मी सोडून दिलं.

कारागीर जोडीच्या दोन्ही तुकड्यांवर एकच आकडा कोरायचे. यांच्याकडे नऊ नंबरची मक्खी होती, तिची चकती नव्हती. तिच्यासाठी हे एसटीने हिंगोलीला जायचे, भंगारवाल्यांची पोती उपसायचे, काळे हात घेऊन परत यायचे. पुढे शुगरने नजर अंधुक झाली. मग आणलेल्या तुकड्यावरचा आकडा मी वाचायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठीसकट तुकडा डबीत टाकायचा. मी चौथी शिकलेली. आता नजर पार गेली. खेटे थांबले, पण चकतीची आठवण रोज निघते.

परवा डब्या पुसताना एक नंबरची चकती हातात आली. गॅसचा नंबर लावून लावून मोबाईलवरचे इंग्रजी आकडे आता मला येतात. चकतीवर कोरलेला आकडा एक नव्हता, नऊ होता. इंग्रजी नऊ आपल्या मराठी एकासारखाच दिसतो. माझ्याच हातची चिठ्ठी होती. चकती फळीवर पडून, आणि हा माणूस हिंगोलीला खेटे घालत होता.

गप्प बसले असते तर कळलंही नसतं. पण ते मला जमत नाही.

"अहो, तुमची नऊची चकती घरातच हाय. मी एक वाचलं होतं."

त्यांनी हात पुढे केला. नखाने आकडा चाचपला, दोनदा.

"व्हय, नऊच हाय. काय शिकवलं गं तुह्या मास्तरनं?"

"मराठी शिकवलं. इंग्रजीवाली काहून केली न्हाई मंग?"

ते हसले. मक्खी मागून घेतली, दोन्ही तुकडे तळहातावर एका रेषेत लावले. मला वाटलं, हे या शोधातून सुटले एकदाचे.

"समद्या डब्या काढ," ते म्हणाले. "आणखी कितीक नऊचे एक झाले असतील."

फळीवर चाळीसेक डब्या आहेत. माझे गुडघे दुखतात. मी म्हटलं, जेवल्यावर बघू.

ते हात पुढे करूनच बसले होते.