निरोगींच्या यादीतली डासताई

माझी मावशी कानाच्या दवाखान्यात रक्त काढते. तिची सुई टोचली तरी कळत नाही, म्हणून पेशंट तिला डासताई म्हणतात. तिला ते आवडतं. "फरक इतकाच," ती म्हणते, "की डास कापूस दाबून धरा म्हणत नाही."

तिच्याकडे येणारे बहुतेक चक्करवाले. कानाच्या आत वाळूहून बारीक कण असतात. ते जागचे सुटून भलत्या नळीत शिरले, की कुशीवर वळताच माणसाची खोली फिरायला लागते. या सुटलेल्या कणांची काही खूण रक्तात उतरते का, हे डॉक्टरीणबाई शोधत होत्या. त्यासाठी चाळीस चक्करवाल्यांचं रक्त हवं होतं आणि ताडून बघायला चाळीस निरोगी माणसांचं.

चक्करवाल्यांना मावशी कधीच आडवं करत नसे. पाठीला दोन उशा, मान सरळ, नजर समोर. "अहो ताई, आधी ती भिंत थांबवा, मग सुई उचला," एक निवृत्त मास्तर दटावत.

"मास्तर, भिंत तुमच्याच वर्गातली दिसते. तुम्हीच दम भरा!"

मास्तर हसत, तेवढ्यात नळी भरलेली असे.

निरोगी माणसं मात्र मिळता मिळेनात. एकोणचाळिसावर घोडं अडलं. "मी आहे की," म्हणत मावशीने बाही सरकवली. फॉर्मवर प्रश्न होता, गेल्या वर्षभरात चक्कर आली का? तिने लिहिलं, नाही.

त्याच सकाळी ती उजव्या कुशीवर वळली होती आणि पलंग होडीसारखा सुटला होता. कपाट तरंगत दारापर्यंत गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. छत पाण्यात सोडलेल्या चादरीसारखं सरकत राहिलं. भीती वाटायच्या आधी क्षणभर तिला छानच वाटलं म्हणे, जणू आपलं घर पाण्याखाली आहे आणि आपण तिथलेच. महिनाभर हे चाललं होतं. ठाऊक फक्त मला.

"कुणाला बोलू नकोस हं," ती म्हणाली. "जिची खोली फिरते तिच्या हातात सुई देईल का कोणी? वीस वर्षं केलंय मी हे. दुसरं येतं काय मला?"

तीन आठवड्यांनी आकडे आले. डॉक्टरीणबाईंचं बोलणं म्हणजे उतारावरून सुटलेली सायकल. "हे बघा, हे बघा, हा चाळिसावा निरोगी, आकडा कुठल्या कुठे! नळ्या बदलल्या का? कुणी बदलल्या? मशीनवाले, तुम्ही?"

मशीनवाले काका रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये गरगर फिरवतात आणि प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतात. "अहं, माझ्या हातून? अहं, बाई, पोटच्या पोरांसारख्या जपतो मी नळ्या!"

"मग सगळंच पुन्हा करायचं. ऐंशीच्या ऐंशी."

शेजारी मशीन सकाळच्या नळ्या घेऊन घरघरत होतं. ते हळूहळू थांबलं. काकांनी झाकण उघडलं. रक्ताचा लाल थर तळाशी बसला होता आणि वर पिवळसर पाणी, नितळ, जराही न हलणारं. मावशी त्याच्याकडे बघतच राहिली.

"बाई, नळी बरोबर आहे," ती म्हणाली. "माणूस चुकलाय. ती चाळिसावी मी. फॉर्मवर खोटं लिहिलं."

सायकल एकदम थांबली.

"एका आकड्यावरून काही सिद्ध होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण निरोगींतून तुमचं नाव काढते."

"आणि कामावरून?"

"आधी झोपा इथे."

त्यांनी मावशीचं डोकं उजवीकडे वळवून झटकन पलंगाच्या कडेखाली नेलं. खोली निघाली. दिवा, पडदा, काकांचा चष्मा, सगळं एका मोठ्या संथ भोवऱ्यात. मग डोकं डावीकडे, मग कुशीवर, मग उठवून बसवलं. असं वळवलं की सुटलेले कण गडगडत जागेवर परततात. भोवरा विरला.

"आठ दिवस सुई नाही. नुसते फॉर्म भरा, आणि खरे भरा. मग तपासून ठरवू."

आठ दिवस मावशी टेबलापाशी बसून दुसऱ्यांनी काढलेलं रक्त नुसतं बघत होती. नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा कडेखाली झुकवून पाहिलं. काहीच फिरलं नाही. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि स्वतःची बाही वर केली.

"चाळिसावी जागा रिकामीच आहे. घ्या."

मावशीने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खळग्यात बोट ठेवलं. शीर जिथे असायला हवी तिथेच होती.