हातातलं संपवतोय

केडगावच्या आमच्या ऑफिसात एक जण वेबसाईटचं काम चार सर्व्हरवर वाटून देतो. स्क्रीनवर प्रत्येक सर्व्हरपुढे त्याची अवस्था तो मराठीतच लिहितो. ‘चालू’, ‘बंद’ आणि त्याची लाडकी, ‘हातातलं संपवतोय’.

“दमलेल्या सर्व्हरच्या अंगावर नवं काम टाकायचं न्हाई,” तो नव्या माणसाला दरडावून सांगतो. “हातातलं तेवढं संपवू द्या की!”

परवा तो तापाने फणफणत आला. तरी साहेबांनी त्याला आणखी दोन कामं दिली. हजेरीच्या फळ्यावर आपल्या नावापुढे त्याने लिहिलं, ‘हातातलं संपवतोय’.

“खुर्चीत बसलाय ना? मग चालू!” म्हणत साहेबांनी ते पुसलं.

साहेबांचा संताप येतोच. पण त्यांनी हात पुढे केल्यावर डस्टर उचलून दिलं, ते मीच.