तात्यांचं चोरलेलं हसू

“ताई, ह्यो व्हिलन हसला पायजे,” शेठ माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. “तिकडं माणूस बुडतंय आन् हा गप उभा? लोकांना चीड कशी यायची?”

मी बारामतीत व्हिडिओ एडिटिंग करते. लग्नं, जाहिराती, अधूनमधून एखादा पिक्चर. शेठचं ट्रॅक्टरचं शोरूम आहे. त्यांना सुपरहिरोचा पिक्चर काढायची हौस आली आणि हीरो केला पुतण्याला. हीरोची ताकद अशी, की तो कॅनॉलचं लोखंडी गेट एका हाताने उचलतो. शूटिंग सणसरजवळच्या कॅनॉलवर झालं.

व्हिलन होते कळस गावचे तात्या. शेतकरी माणूस, तरुणपणी गावच्या नाटकांत कामं केलेले. गोष्टीतला व्हिलन ‘टेल’च्या गावचा. टेल म्हणजे कॅनॉलचं शेवटचं टोक, जिथे पाणी पोचेपर्यंत संपतं. हीरो स्वतःच्या गावासाठी गेट उघडं ठेवतो आणि टेलला थेंब येत नाही. मग व्हिलन कॅनॉल फोडतो. त्या लोंढ्यात हीरोचा मित्र वाहून जातो. तात्यांचा एकच मोठा डायलॉग होता, हीरोसमोर उभं राहून विचारायचा: “तुला देवानं ताकद दिली, आमाला तहान दिली. आता सांग, चोर कोण?”

अख्ख्या पिक्चरमध्ये जीव होता तो एवढ्याच सीनमध्ये. व्हिलनचं कारण काढून टाकलं की हीरो म्हणजे नुसतं मोकाट खोंड. ताकद आहे, पण ती कुणावर चालवतोय हा प्रश्नच त्याला पडत नाही. शेठनी आधी नेमका तोच सीन उडवायला लावला. “व्हिलनच खरं बोलाय लागला तर टाळ्या कुणाला पडायच्या?” मी भांडले. पैसा त्यांचा, मी हरले.

आणि आता हे हसू. शूटिंगच्या मधल्या वेळात हीरोचा लाल झगा वेड्या बाभळीत अडकला होता. सगळे पोट धरून हसले, तात्याही. कॅमेरा चालूच होता. शेठना ते फुटेज सापडलं.

“हे उचला आन् तितं चिकटवा.”

एखादी घटना दाखवली की पाठोपाठ बघणाऱ्याचा चेहरा दाखवतात. त्याला रिअॅक्शन शॉट म्हणतात. त्या चेहऱ्यावरून प्रेक्षक माणसाची पारख करतो. बुडण्याच्या सीनला तात्यांनी पाण्याकडे पाठ फिरवली होती, खांदे थरथरत होते. ती अॅक्टिंग नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ याच कॅनॉलमध्ये बुडून गेला होता. कळसमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे.

“शेठ, तात्यांच्या भावाचं तुम्हाला माहीत आहे ना?”

“मला ठावं हाय. कॅमेऱ्याला काय ठावं?”

माझं डोकंच फिरलं. “मी हे करणार नाही.”

“पिच्चर माझा हाय.”

“पिक्चर तुमचा. तात्या तुमचे नाहीत.”

शेठ हार्ड डिस्क उचलून गेले. दुसऱ्या कुणाकडून पाहिजे तसं करून घेतलं, वर पहिल्या शोच्या दिवशीच तेच हसू घातलेला ट्रेलर मोबाइलवर सोडला. मी त्याआधीच तात्यांना फोन करून सावध केलं होतं. ते म्हणाले, “असं कसं करत्याल? वळखीतला माणूस हाय.” माणसाने एवढंही भोळं असू नये.

पहिला शो कळसलाच, पटांगणात पडदा लावून. तात्या इस्त्रीचे कपडे घालून पुढच्या रांगेत बसले होते. पडद्यावर मित्र बुडाला आणि लगेच तात्यांचा चेहरा आला, पडदाभर हसणारा.

व्हिलनला एकानेही शिवी दिली नाही. मग बायकांतून एक म्हातारी उठली आणि ओरडली, “बंद करा ते! आमचा तात्या न्हाय हसायचा!”

त्यानंतर जो गोंधळ उठला, त्यात शो बंद पडला. हीरोची फायटिंग राहिलीच. तात्या केव्हाच उठून घरी गेले होते.

दुसऱ्या दिवशी शेठ तीच हार्ड डिस्क घेऊन माझ्या दारात. “ताई, पयलं व्हतं तसं करून द्या. लोकं शोरूमला बी यायची न्हाईत आता.” तात्यांची माफी मागितली का, विचारलं. तर म्हणे, “बघू.” मी चहासुद्धा विचारला नाही. पण पिक्चर दुरुस्त केला. पाठ फिरवलेला शॉट लावला, उडवलेला डायलॉगही परत घातला. शेठना ते घ्यावंच लागलं. मग तात्यांना फोन करून सांगितलं.

“ते हसू पुसलं का?” त्यांनी विचारलं.

“माझ्याकडचं पुसलं, तात्या.”

“आन् लोकांच्या मोबाइलवरलं?”

ट्रेलर अजून फिरतोच आहे. मी तसंच सांगितलं. तात्या म्हणाले, “त्या दिशी लई दिसांनी हसलो व्हतो, ताई.”

त्यानंतर त्यांनी कुठल्याच कॅमेऱ्यासमोर काम केलं नाही. शेठचं काम मी पुन्हा घेतलं नाही. आणि आता कुठल्याही शूटिंगला गेले की कॅमेरामनला आधी बजावते: ‘कट’ म्हटलं की कॅमेरा बंद. मग माणसांना काय हसायचं ते हसू दे.