घोडीवर संसार, कमरेला इस्तू

हरणाबाई कोकरे हिनं बत्तीस वर्षं मेंढरांच्या मागनं माण ते कोकण आणि कोकण ते माण अशी पायी ये-जा केली. सगळा संसार एका घोडीच्या पाठीवर. पाल, तवा, पिठाचं बाचकं, कालपरवा जन्मलेली दोन कोकरं, पाय बांधलेल्या चार कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर शेंबूड गाळत बसलेला थोरला पोरगा. पण काडेपेटी घोडीवर कधीच नाही. ती हरणाबाईच्या कमरेला, चंचीत, पानसुपारीशेजारी. सासूनं पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "घोडी बुजली तर संसार जाईल, जाऊ दे. इस्तू आपल्या अंगावर पायजे."

आणि घोडी एकदा खरंच बुजली. भांडी, पीठ, कोंबड्या, सगळं नदीत गेलं. पोरगा तेवढा त्या दिवशी बापाच्या खांद्यावर होता म्हणून वाचला. तरी संध्याकाळी हरणाबाईची चूल पेटली. चुलीवर ठेवायला काही नव्हतं, हा भाग वेगळा.

दोन वर्षांपूर्वी मेंढरं विकली, घोडी विकली. दहिवडीजवळ स्लॅबचं घर झालं, आणि सुनेनं, राणीनं, सासूला टीव्हीसमोर बसवलं. टीव्हीसमोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईला लोक सुखी म्हणतात. हरणाबाई त्या सुखाला रोज सकाळी चार शिव्या हासडायची. जन्मात कधी न दुखलेले गुडघे आता बसून बसून दुखायला लागले होते.

अशात कोरेगावच्या बाळासो हवालदाराचा निरोप आला. हा गडी फौजेतनं रिटायर होऊन शहरातल्या लोकांना डोंगरावर मुक्कामी न्यायचा. त्याला स्वयंपाकाला बाई हवी होती, आणि ती चालणारी हवी होती. "एक खेप बघू. जमलं तर दर महिन्याला या," असं त्यानं फोनवर सांगितलं. महिन्यातनं दोन दिवस पाय मोकळे! हरणाबाई त्या रात्री झोपलीच नाही.

आता बाळासोचं वेड सांगायला हवं. फौजेत एकवीस वर्षं त्यानं वीस-वीस किलोचं पिट्टू वाहिलं होतं, आणि त्याचा सूड तो आता हलक्या पिशव्यांनी उगवत होता. टूथब्रशची दांडी अर्धी कापलेली. साबण नखाएवढा. शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठीसुद्धा ओझं नको म्हणून उसवलेली. त्याची बायको म्हणायची, "ह्यांनी मिशी कशी ठिवलीया कुणास ठाऊक, ती एकटीच पावशेर भरंल."

वाईच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला चहाची टपरी होती. तिथल्या आंब्याच्या फांदीला त्यानं हुकाचा काटा टांगला आणि मुक्कामाला आलेल्या नऊ जणांना रांगेत उभं केलं. प्रत्येकी आठ किलो, वर एक ग्रॅम नाही. जादाचं सामान पोत्यात, पोतं टपरीवाल्याकडं.

सांगलीच्या बँकेतल्या राजनंदिनीच्या बॅगेतनं केस वाळवायचं यंत्र निघालं.

"मॅडम, वर डोंगराला प्लग कुठं हाय?"

"नाही हो, पण जवळ असलं की बरं वाटतं."

यंत्र पोत्यात गेलं. मग बाळासोनं विचारलं, "काडेपेटी कुणाकुणाकडं हाय?" नऊ हात वर.

"नऊ काडेपेट्या! डोंगर पेटवायचा हाय व्हय? एकानं ठेवा, बाकीच्यांनी काढा."

त्यानं कुणा एकाचं नाव घेतलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण ही सगळी सातारा-सांगलीची माणसं. पंगतीत ताटातली शेवटची जिलेबी आमच्याकडं कुणी उचलत नाही, ती "तुमी घ्या, तुमी घ्या" करत वाळून जाते. इथंही तसंच झालं. "तुमी ठेवा की." "छे, छे, तुमच्याकडंच असू द्या." असं म्हणत नऊच्या नऊ जणांनी मोठ्या मनानं आपापली काडेपेटी पोत्यात टाकली. बाळासोनं कित्ता घालून द्यायचा म्हणून स्वतःचा लायटरही टाकला.

हरणाबाईचं गाठोडं भरलं तेरा किलो.

"मावशी, ही घोंगडी काढा. भिजली की गाढवाचं ओझं."

"आवं, तिच्यात मी पोरं वाढवली."

"पोरं मोठी झाली न्हवं? काढा. तवा पण काढा, माझ्याकडं पातळ पत्र्याचा हाय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "वाईट वाटून घिऊ नका मावशी, पन ह्ये तुमचं काम न्हाई. आता आलाय तर चला. फुडल्या खेपंला मी दुसरं कुनी बघतो."

त्यानं तवा आणि घोंगडी पोत्यात टाकली. हरणाबाईला पुढचं दिसलं. पुन्हा टीव्ही, पुन्हा गुडघे. बाळासोची नजर तिच्या कमरेच्या चंचीवर गेली, पण परक्या बाईच्या कमरेकडं बोट दाखवायची हिंमत काही फौजेनं त्याला दिली नव्हती. तो पुढच्या बॅगेकडं वळला.

डोंगर हरणाबाई सगळ्यांच्या आधी चढली. आठ-आठ किलोवाले धापा टाकत वर पोचले तेव्हा तिची दुसरी सुपारी कातरून झाली होती.

साडेचारला धुकं उतरलं, वारा सुटला. लाकडं गोळा झाली, चहाचं पातेलं दगडांवर बसलं.

"हां, काडेपेटी काढा," बाळासो म्हणाला.

प्रत्येकानं शेजाऱ्याकडं बघितलं. शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याकडं. खिसे चाचपले, बॅगा उलट्या केल्या. धैर्यशील नावाच्या मास्तरांनी मोबाईलवर कधीतरी बघितलेलं आठवून दोन गारगोट्या घासल्या. अंगठा फुटला, ठिणगी काही पडली नाही. खाली जाऊन यायचं तर चार तास, तेही धुक्यात. बाळासोचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

हरणाबाई एका खडकावर बसून पान चघळत होती. मनात म्हणाली, बस मेल्या आता, खा हलकं हलकं वारं. तिला खरंच वाटलं, देऊच नये. पण राजनंदिनीचे दात थंडीनं वाजत होते, आणि उपाशी माणसासमोर चूल विझलेली ठेवायची तिला सवय नव्हती.

"आवं हवालदार, इकडं या जरा," ती म्हणाली. "ह्या चंचीचं वजन ऱ्हायलं बगा."

तिनं काडेपेटी काढली. बाळासोनं झडप घातल्यासारखा हात पुढं केला. तिनं मूठ मागं घेतली.

"घोंगडी कुनी काढली?"

"मी."

"फुडल्या खेपंला सैपाकाला कोन येनार?"

नऊ जणं बघत होती. "तुमी," बाळासो म्हणाला.

"आन काटा कुनाच्या हातात?"

"मावशी, काटा तरी..."

तिनं काडेपेटी परत चंचीत घातली आणि नाडी ओढली.

"तुमच्या! तुमच्या हातात!"

भर वाऱ्यात, पदराच्या आडोशाला, तिनं एका काडीत चूल पेटवली. पिठलं असं झालं की मास्तरांनी फुटक्या अंगठ्यानं पातेलं पुसून खाल्लं.

पुढल्या महिन्यात त्याच आंब्याखाली काटा हरणाबाईच्या हातात होता. पहिली पिशवी तिनं बाळासोचीच टांगली. बारा किलो! आत हात घातला तर काडेपेट्याच काडेपेट्या: मोज्यात, टोपीत, डब्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. एकवीस वर्षं फौजेत काढलेला गडी कोंबडी चोरताना सापडल्यासारखा उभा होता. तिनं मोजल्याही नाहीत. एक ठेवून बाकीच्या पोत्यात टाकल्या, आणि ती एक त्याच्या हातात दिली.

"पिशवीत न्हाई. अंगावर."

बाळासोनं ती शर्टाच्या खिशात घालून बटण लावलं. तोवर हरणाबाईनं रिकाम्या झालेल्या जागेत आपला तवा सरकवला, वर घोंगडी कोंबली आणि पिशवी त्याच्या पाठीवर चढवली.

"मावशी, आवं ह्ये काय?"

"माजी घोडी बत्तीस वर्सांत एकदा बी बोलली न्हाई," हरणाबाई म्हणाली आणि चंची कमरेला खोचून पुढं चालायला लागली. गुडघे दुखत नव्हते.