दसऱ्याचं काडतूस

आमच्या ह्यांना अख्खी चाळ लवू गनमॅन म्हणते. आडनाव विचारा, कोणाला सांगता येणार नाही. माझं नाव मालन, पण दहिसरच्या बाजारात भाजीवालीसुद्धा मला गनमॅनची बायको म्हणूनच हाक मारते. आधी राग यायचा, आता मी ओ देते.

सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि घरी बसलेल्या बापाकडे बघत बघत हे मोठे झाले. शरीर धिप्पाड, मिशी झुपकेदार, डोकं एकदम थंड. कोणीतरी कानावर घातलं की बँकांना स्वतःची परवान्याची बंदूक असलेला गार्ड लागतो. झालं! खेटे घालून घालून ह्यांनी परवाना काढला, दोन नळ्यांची बंदूक घेतली आणि बोरिवलीच्या एका बँकेच्या दारात जे उभे राहिले, ते रिटायर होईपर्यंत. उभ्या जन्मात माणसावर एक गोळी झाडली नाही. खांद्याला बंदूक लावून म्हाताऱ्या बायकांच्या पैसे काढायच्या स्लिपा मात्र भरून द्यायचे. मॅनेजर आले नि गेले, पण म्हाताऱ्या दारातच विचारायच्या, "लवूभाऊ कुठेत?"

रिटायर झाल्यावर बंदूक आमच्या खोलीत आली. कपाटावर पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली ह्यांच्या करगोट्याला. काडतुसं वेगळी, देव्हाऱ्याखालच्या खणात. शिस्त होती हो, खोटं कशाला बोलू? चाळीत कधी मिरवले नाहीत. पण ती काढून टाका म्हटलं की तोंड असं व्हायचं जसं काही मी त्यांनाच घराबाहेर काढतेय.

खरं भांडण पेटलं दिवाळीत. आमची एकुलती एक लेक श्रुतिका दिंडोशीला दिलेली. जावई सुबोध जहाजावर असतो, सहा-सहा महिने घरी नाही. तिची सासूही लग्नाआधीच गेलेली. श्रुतिकाला चौथा महिना होता. फराळाच्या ताटावर बसून पोरीने कपाटाकडे बोट दाखवलं.

"पप्पा, ही इथे असेपर्यंत मी बाळंतपणाला येणार नाही."

"अगो, कुलपात आसा ती." घरात हे गावच्या मालवणीतच बोलतात.

"कुलूप माणूसच लावतो ना? आणि माणूस विसरतो."

"मी? मी विसरान?" ह्यांची मिशी थरथरायला लागली.

तेवढ्यात शेजारचे मार्तंडभावोजी गॅलरीतून आत डोकावले. बोलावणं लागतं कुठे त्यांना! म्हणाले, "घरात हत्यार असलं की चोर फिरकत नाही. मी तर म्हणतो सरकारने प्रत्येकाला परवाना द्यावा."

"काका, परवा तुम्ही गॅस चालू ठेवून नाक्यावर गेलात," श्रुतिका म्हणाली. "तुम्हाला परवाना?"

मी पदर तोंडात कोंबून हसले. तिने मग सुबोधलाच व्हिडिओ कॉल लावला. त्याचं जहाज तेव्हा मनिलाला लागलेलं. तो सांगत होता की फिलिपिन्समध्ये मॉलच्या दारादारात बंदूकवाले गार्ड असतात, पण निवडणूक लागली की लोकांना बंदूक घेऊन फिरायला बंदी. तिथेही हाच वाद चालतो, कोण म्हणतं नियम अजून आवळा, कोण म्हणतं आमचं रक्षण आम्हाला करू द्या. ह्यांनी त्यातलं सोयीचं तेवढंच ऐकलं.

"दारादारात बंदूक आसा ना? मग!"

श्रुतिका दिवाळी आटपून गेली ती तोंड फुगवूनच. माझ्या जिवाला घोर लागला. पहिलटकरीण पोर, नवरा समुद्रावर, घरात मायेचं बाईमाणूस नाही. मी तिच्याकडे जाऊन राहावं तर इथे ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. थेंब कोण घालणार, जेवण कोण करणार? आणि पहिलं नातवंड माझ्या घरी यावं, एवढीही हौस नसावी का मला?

मग निवडणूक जाहीर झाली आणि पोलीस स्टेशनातून फोन आला, निवडणूक संपेपर्यंत बंदूक जमा करा. "मी काय गुंड आसय?" म्हणत हे दिवसभर धुमसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी खाली काढली. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे साफसफाई राहून गेलेली, म्हणून जमा करण्याआधी पुसून घेऊया म्हणाले. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. नळ्या खाली वाकवून बंदूक उघडल्याचा आवाज आला. नंतर काहीच नाही. हाक मारली तरी ओ नाही.

बाहेर येऊन बघते तर हे भिंतीला टेकून बसलेले, चेहरा पांढराफटक. उजव्या नळीत काडतुसाचं पितळी बूड चमकत होतं.

"दसरो," एवढंच म्हणाले.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सासऱ्यांची शिकवण होती की रिकामं हत्यार देवापुढे ठेवू नये. म्हणून दर दसऱ्याला हे एक काडतूस भरून बंदुकीला हळदकुंकू, झेंडू वाहायचे आणि आरती झाली की काढून ठेवायचे. ह्या दसऱ्याला आरती चालू असतानाच डोळ्याच्या दवाखान्यातून फोन आला, उद्याच या. त्या धावपळीत बंदूक तशीच पेटीत गेली. दिवाळीभर श्रुतिका त्याच कपाटाखाली गादी टाकून झोपली होती.

मग मी जी सुटले! "पोरगी खाली झोपली होती हो! दोन जिवांची पोर! म्हणे मी विसरान? शिस्तीच्या गप्पा मारता!" आवाज ऐकून मार्तंडभावोजी आले. त्यांनी काडतूस बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा एक शब्द न बोलता परत गेले. ह्यांनी ते बाहेर काढलं. सारखं पुटपुटत होते, "काय्येक झाला नाय. काय्येक झाला नाय."

"झालं नाही ती देवाची कृपा," मी म्हटलं. "तुमची नव्हे."

बंदूक जमा झाली आणि खरं सांगते, खोलीतून माणूस उठून गेल्यासारखं मोकळं वाटलं. कपाटावर मी पापडांचे डबे ठेवले. हे दुपारी आडवे व्हायचे आणि घोरायचे. एवढ्या वर्षांत ह्या माणसाला मी दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. मलाही गाढ झोप लागायची. फक्त निवडणूक संपू नये असं वाटायचं. कधी नव्हे ते राजकारण्यांवर प्रेम जडलं माझं!

पण निकाल लागले आणि पोलीस स्टेशनातून पुन्हा फोन आला. हे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी विचारलं नाही, चपला घातल्या आणि मागोमाग गेले. श्रुतिकाला सातवा लागला होता. आज ही बंदूक घरी आली तर माझी पोर येणार नव्हती.

हवालदाराने बंदूक टेबलावर ठेवली. "काका, तपासून घ्या आणि सही करा."

ह्यांनी हात लावला नाही. "साहेब, मला नको ही. विकायला नाहीतर सरकारजमा करायला काय अर्ज लागतो तो सांगा."

"का ओ? परवाना तर चालू आहे तुमचा."

"परवाना चालू आहे," हे म्हणाले. "माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला."

मला तिथेच रडू फुटणार होतं, पण पोलिसांसमोर कशाला तमाशा! बाहेर फुटपाथवर आल्या आल्या ह्यांनी श्रुतिकाला फोन लावला. मी बाही ओढली. "काडतुसाचं सांगू नका हां. अशा दिवसांत घाबरेल ती." ऐकतील तर शपथ. स्पीकरवर टाकून दसऱ्यापासून सगळं सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही.

मी फोनजवळ कान नेला.

"दिवाळीत मी खाली झोपले होते, तेव्हा भरलेली होती?"

"होय गो बाय. तेव्हा."

मग पोरगी हळूच म्हणाली, "आणि मी गेल्यावर त्या जागेवर तुम्ही झोपत होता ना, पप्पा? तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

इतकी वर्षं बँकेच्या दारात खांबासारखा उभा राहिलेला माणूस, भर रस्त्यात हुंदके द्यायला लागला. लोक बघत होते, तर बघू देत! मी पदराने त्यांचं तोंड पुसलं, डोळा जपून.

"रडू नका ना, पप्पा," श्रुतिकाही रडतच होती. "रविवारी मला न्यायला या. दोघंही या."

"येतंव," हे म्हणाले. "येतंव गो बाय."