जपून न केलेला वार

गुरुग्रामच्या एका बागेत आम्ही दर रविवारी सकाळी जुन्या युरोपियन तलवारबाजीचा सराव करतो. तलवारी नायलॉनच्या, तोंडावर जाळीचा मास्क. तिथे फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे एक काका येतात. तलवार क्रिकेटच्या किटबॅगेत घालून मेट्रोने येतात. प्रत्येक वाराआधी "चलो, तयार?" असं विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत.

मनगट मोडल्यावर तीन महिन्यांनी मी परतले, तेव्हा सगळे माझ्याशी जपून खेळत होते. त्यांचे वार डोक्यापासून वीतभर अलीकडेच थांबायचे. मला अडवायला काही उरतच नव्हतं.

मग काका समोर आले.

"हात बरा आहे का गं? डॉक्टर काय म्हणाले?"

"खेळा म्हणाले."

"चलो, तयार?"

"हो."

त्यांचा वार सरळ मास्कवर बसला. कोणीतरी ओरडलं, "अंकल, आराम से!" काकांनी तिकडे पाहिलंही नाही, मलाच पुन्हा विचारलं. दुसरा वारही बसला. तिसरा मी अडवला.

"बिल्कुल! असंच," काका म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जाळीमुळे त्यांना ते दिसलं नसावं. पुढचा वार त्यांनी आणखी जोरात केला.